गुडघे शाबूत आहेत तोवर

संसाराची कर्तव्यं उरकली की जोडीने बेटाच्या वाटेला लागायचं, ही रीत मराठी घरांत जुनीच आहे. काशी-रामेश्वर यात्रेतलं रामेश्वर बेटावर वसलं आहे. १९१४ मध्ये पांबनचा रेल्वेपूल सुरू झाला. त्याआधी मंडपमहून होडीत बसल्याशिवाय देवाचं दर्शन घडत नसे. काशीची गंगा रामेश्वराला आणि रामेश्वरची वाळू काशीला पोचवली की यात्रा पुरी व्हायची. लेकी सासरी गेल्या, धाकट्याचंही लग्न झालं, सुनेच्या हाती किल्ल्या दिल्या, की घरातलं म्हातारं जोडपं निघायचं. जाताना गाव वेशीपर्यंत पोचवायला यायचं, कारण परत येण्याची खात्री नसायची.

ज्यांच्या नावाने आज अहिल्यानगर जिल्हा ओळखला जातो, त्या अहिल्यादेवी होळकरांनी याच वाटसरूंची सोय केली होती. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत ३१ मे १७२५ रोजी जन्मलेल्या या मुलीने पुढे काशी विश्वेश्वराचं मंदिर नव्याने उभारलं आणि काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं यांची साखळी बांधली. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं ते २०२४ मध्ये. बोलताना लोक अजून ‘नगर’च म्हणतात.

याच नगर जिल्ह्यातल्या पन्नाशी-साठीतल्या जोडप्यांच्या बोलण्यात आता रामेश्वरच्या जोडीने आणखी एक बेट येतं. अंदमान. निवृत्त शिक्षक, बँकेतून किंवा पतसंस्थेतून मोकळे झालेले, राहुरीच्या कृषी विद्यापीठात नोकरी केलेले, दूध आणि ऊस सांभाळणारे बागायतदार, सगळ्यांच्या मनात ही इच्छा असते. फरक एवढाच, की यात्रा आयुष्याच्या शेवटाकडे करायची होती आणि समुद्रातल्या बेटाची सहल मात्र मधल्या काळातच करावी लागते. मुलं घराबाहेर पडल्यापासून पुढची जबाबदारी दाराशी येईपर्यंतची ही वर्षं फार थोडी असतात. ती मोजूनमापून वापरली नाहीत, तर कशी निघून गेली ते कळतही नाही.

रिकामी झालेली घरं

या जिल्ह्यातली घरं रिकामी कशी झाली, याची गोष्ट साखर कारखान्यापासून सुरू होते. विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीने लोणीत सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० मध्ये तिथे पहिलं गाळप झालं. पुढे कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, जिकडे पाटाचं पाणी पोचलं तिकडे कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. कारखान्यांभोवती शाळा आल्या, दवाखाने आले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्याच वर्षी लोणीला प्रवरा, संगमनेरला अमृतवाहिनी आणि कोपरगावला संजीवनी अशी तीन अभियांत्रिकी महाविद्यालयं सुरू झाली.

शेतकऱ्याची पोरं घरच्या घरी इंजिनिअर होऊ लागली. पण इंजिनिअर झाल्यावर घरी थांबण्याचं कारण उरलं नाही. आधी चाकण-पिंपरी, मग हिंजवडी, मग बंगळूर, हैदराबाद आणि त्यापुढे अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलिया. ज्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन फी भरली, त्यांच्याच बंगल्यांतल्या वरच्या खोल्या आज कुलपात आहेत. सावेडीत, संगमनेरच्या नव्या वसाहतींत, श्रीरामपुरात संध्याकाळी फेरी मारली, तर अनेक घरांत एकाच खोलीत दिवा दिसतो.

हे दुःखच आहे, असं मानायचं कारण नाही. या आईबापांना हेच हवं होतं. पण मुलांच्या जाण्याने जो वेळ मोकळा होतो, तो कुणासाठी, हा प्रश्न आपल्याकडे विचारला जात नाही. वेळ मोकळा दिसला की त्यावर दुसरं कुणीतरी हक्क सांगतं. लेकीचं बाळंतपण येतं. परदेशातल्या नातवंडाला सांभाळायला आधी आजी, मग आजोबा असे पाळीपाळीने सहा-सहा महिने जातात. घरात नव्वदीच्या सासूबाई असतात, त्यांना एक दिवसही सोडता येत नाही. मग एके दिवशी जिना उतरताना गुडघा कुरकुरतो आणि डॉक्टर एक्स-रे बघून वजन कमी करा म्हणतात. मधली वर्षं संपल्याची ही खूण असते.

म्हणून अनुभवी लोक एकच सांगतात. निवृत्तीची वाट बघू नका. धाकटा हॉस्टेलवर गेला, त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात निघा.

अंदमानच का

बेटं जगात पुष्कळ आहेत. तरी नगरकर जोडप्याच्या ओठांवर पहिलं नाव अंदमानचं येतं, त्याला कारणं आहेत.

पासपोर्ट लागत नाही. रुपया चालतो, आधार कार्ड चालतं, हिंदीत निभावतं. मुलीच्या शिक्षणाचं कर्ज नुकतंच फिटलेलं असताना परदेशाचा खर्च डोळ्यांपुढे नको वाटतो. केंद्र सरकारच्या नोकरीतल्यांना तर रजा प्रवास सवलतीत अंदमानला विमानाने जाण्याची खास मुभा वर्षानुवर्षं मिळत आली. नगर ही लष्कराची जुनी छावणी. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र इथे आहे, यांत्रिकी पायदळाचं केंद्रही इथेच. तिन्ही दलांची एकत्रित कमान देशात पहिल्यांदा उभी राहिली ती २००१ मध्ये पोर्ट ब्लेअरला. त्यामुळे छावणीच्या गावाला त्या गावाचं नाव परकं नाही.

सर्वांत मोठं कारण मात्र शाळेच्या पुस्तकात लपलेलं आहे. सावरकर, काळं पाणी, कोलू हे शब्द या पिढीने चौथी-पाचवीत ऐकले. मराठी माणसासाठी अंदमान हे नुसतं समुद्रकिनाऱ्याचं ठिकाण नाही, ते तीर्थ आहे. म्हणूनच आधीच्या पिढीला ‘मजा करायला निघालो’ म्हणताना जो संकोच वाटायचा, तो या बेटापुरता गळून पडतो. ‘सेल्युलर जेल बघायला चाललोय’ असं शेजाऱ्यांना मोकळेपणाने सांगता येतं आणि जाऊन आल्यावर निळ्या पाण्याचे फोटोही दाखवता येतात. चौथं विश्व मराठी साहित्य संमेलनही २०१५ मध्ये तिथेच भरलं होतं, अध्यक्ष होते शेषराव मोरे.

मराठी सहल कंपन्यांनीही ही वाट सोपी केली. केसरीभाऊ पाटलांनी १९८४ मध्ये केसरी टूर्स सुरू केली, वीणा पाटील यांनी २०१३ मध्ये वीणा वर्ल्ड. नाशिकची चौधरी यात्रा कंपनी त्याआधीपासून लोकांना बसने भारत दाखवत होती. मराठी बोलणारा सहल व्यवस्थापक, जेवणात वरण-भात, सकाळी वेळेवर चहा. ज्या बाईने पंचवीस वर्षं घरात सर्वांत आधी उठून चूल पेटवली, तिला आयता चहा हातात मिळणं हीच सहलीची पहिली सुखाची गोष्ट वाटते. बायकांच्या खास सहली निघाल्या आणि नवऱ्याला वेळ नाही म्हणून घरी बसण्याची सक्तीही संपली.

नगरहून निघताना

अंदमानला पोचण्याचा रस्ता बहुधा चेन्नई, कोलकाता, बंगळूर किंवा हैदराबादवरून जातो. नगरकर शक्यतो पुण्याचं विमानतळ धरतात. सुमारे ११५ किलोमीटरचं हे अंतर, पण शिरूर-रांजणगाव-वाघोलीची वाहतूक ओळखणारा माणूस विमानाच्या पाच-सहा तास आधीच घराबाहेर पडतो. कोपरगाव तालुक्यातल्या काकडीला शिर्डीचं विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालं, तेव्हापासून उत्तरेकडच्या तालुक्यांना आणखी एक दार उघडलं. तिथून दक्षिणेकडे जाणाऱ्या विमानांचं वेळापत्रक बदलत राहतं. ते जुळलं तर राहाता-कोपरगावचं जोडपं पुण्याला न जाताही समुद्रापार पोचू शकतं.

चेन्नईहून उडाल्यावर सव्वादोन तास खाली फक्त बंगालचा उपसागर. मग अचानक हिरवी टेकाडं, त्यांच्या कडेला फिकट निळी किनार. पोर्ट ब्लेअर शहराचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये बदलून श्री विजयपुरम झालं. विमानतळ वीर सावरकरांच्या नावाचं, शिंपल्याच्या आकाराची त्याची नवी इमारत जुलै २०२३ मध्ये खुली झाली.

पहिल्याच दिवशी घड्याळ फसवतं. श्री विजयपुरम नगरच्या १८ अंश पूर्वेला आहे. म्हणजे सूर्य तिथे ७२ मिनिटं आधी येतो, पण घड्याळ भारताचंच. डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, साडेपाचला दिवेलागण. नगरला त्या वेळी लोक दुपारचा चहा घेत असतात. ज्यांनी ‘संध्याकाळी निवांत किनाऱ्यावर जाऊ’ असं ठरवलेलं असतं, त्यांची पहिली संध्याकाळ हुकते. दुसऱ्या दिवसापासून सगळे पहाटे पाचला उठतात आणि बेटाच्या घड्याळाला लागतात. शेतकऱ्याला त्यात काहीच जड वाटत नाही.

दोन तुरुंग

ज्या गावात भुईकोट किल्ला आहे, त्या गावच्या माणसाने सेल्युलर जेल बघणं वेगळं असतं. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’चा ठराव झाल्यावर काँग्रेस कार्यकारिणीचे नेते अहमदनगरच्या किल्ल्यात आणून ठेवले गेले. पंडित नेहरूंनी तिथे ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं लिहिली. बागेत फुलझाडं लावायला, वाचायला, लिहायला त्यांना मिळालं.

अंदमानच्या तुरुंगात यातलं काहीच नव्हतं. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं तो बांधला जात होता. मधल्या मनोऱ्यापासून सात लांबलचक इमारती फुटत गेल्या. सुमारे सातशे कोठड्या, प्रत्येकीत एकच माणूस. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोरचा कैदी दिसूच नये. दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं, कोलूला बैलाच्या जागी माणूस. ४ जुलै १९११ रोजी विनायक दामोदर सावरकर इथे आणले गेले आणि १९२१ मध्ये त्यांना मुख्य भूमीवर परत नेण्यात आलं. थोरले बंधू बाबाराव याच तुरुंगात होते. लंडनच्या इंडिया हाउसमधले सावरकरांचे सहकारी सेनापती बापट मूळचे नगर जिल्ह्यातल्या पारनेरचे, हे तिथे उभं राहून आठवलं की अंतर एकदम कमी होतं.

आज सातांपैकी तीनच इमारती उरल्या आहेत. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाईंनी तुरुंग राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण केला. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला आहे. पायऱ्या चढून, लांब व्हरांडा चालून तिथे जावं लागतं. साठीतली जोडपी कठड्याला धरून, मध्ये थांबत वर जातात. साडेतेरा फूट लांब, सात फूट रुंद जागा, मागच्या भिंतीत उंचावर एक झरोका. माणसं आत जातात, चप्पल बाहेर काढून ठेवतात आणि बराच वेळ बाहेर येत नाहीत. ज्यांना जिना झेपत नाही ती खालच्या अंगणात बसून राहतात. मधल्या वर्षांतच इथे यावं, असं म्हणण्याचं हेही एक कारण.

मास्क लावताना

श्री विजयपुरमहून खासगी बोटीने दीड-दोन तासांत स्वराज द्वीप येतं. हेच जुनं हॅवलॉक. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता. त्याच्या ७५व्या वर्षी, ३० डिसेंबर २०१८ ला हॅवलॉकला स्वराज, नील बेटाला शहीद आणि रॉसला नेताजींचं नाव मिळालं. स्वराज द्वीपावरच्या राधानगर किनाऱ्याला ‘टाइम’ने २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवलं, २०२० मध्ये त्याला ‘ब्लू फ्लॅग’ही मिळाला. पांढरी वाळू, मागे उंच झाडी, आणि पाणी इतकं उथळ की बराच आत गेलं तरी कमरेपर्यंतच.

पण खरी कसोटी एलिफंट बीचवर. तिथे स्नॉर्केलिंग होतं. पोहता न येणाऱ्याने तोंड पाण्यात घालून पोवळ्यांची बाग बघायची. शेततळ्यात पाय घसरू नये म्हणून आयुष्यभर जपलेल्या, विहिरीत कधी न उतरलेल्या बाईला ही गोष्ट ऐकूनच धडकी भरते. रोज सकाळी तिथे तोच क्रम चालतो. आधी ‘मी नाही, तुम्हीच जा.’ मग साडीच्या जागी ट्रॅकपँट आणि टी-शर्ट, त्यावर नारिंगी लाइफ जॅकेट. गाइड पोरगा सांगतो, नाक विसरा, तोंडाने श्वास घ्या, नळी दातात घट्ट धरा. मास्कने नाक बंद झालं की पहिले काही श्वास घाबरे होतात. ती उठून उभी राहते, खोकते, मास्क कपाळावर सरकवते. गाइड घाई करत नाही. पुन्हा एकदा. मग तो हवा भरलेली रिंग तिच्या हातात देतो आणि स्वतः पोहत तिला ओढत नेतो. खाली पिवळे-काळे पट्टेवाले मासे, पोपटी रंगाचा पोपटमासा, समुद्रकाकडी, मेंदूसारखी वळणं असलेलं पोवळं. बाहेर आल्यावर ती आधी नवऱ्याला शोधते आणि काय काय दिसलं ते एका दमात सांगते.

पुरुषांची अडचण वेगळी असते. मिशी. मिशीखालून मास्कमध्ये पाणी शिरतं, म्हणून गाइड वरच्या ओठावर व्हॅसलिन फासतात. चष्मा मास्कमध्ये बसत नाही. कवळी सैल असेल तर आधीच काढून ठेवावी, नळी दातात धरताना ती निसटते. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयाचा त्रास यांची माहिती फॉर्मवर खरी लिहावी. स्कूबा डायव्हिंग करायचं असेल तर ते शेवटच्या दिवशी ठेवू नये. पाण्याखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून विमानात बसण्याआधी किमान १८ तास मध्ये जाऊ द्यावेत. ज्यांना पाण्यात उतरायचंच नाही त्यांच्यासाठी काचेच्या तळाची बोट आहे. जुन्या २० रुपयांच्या नोटेवर माडांमागे दिसणारा समुद्र आठवतो का? ते दृश्य श्री विजयपुरमजवळच्या नॉर्थ बेचं.

रात्री मुलांना व्हिडिओ कॉल लागतो. पूर्वी इथे फोनसुद्धा धड लागत नसे. चेन्नईहून समुद्रतळातून टाकलेली सुमारे २,३०० किलोमीटरची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली आणि बेटं जवळ आली. हिंजवडीतल्या किंवा टेक्सासमधल्या मुलाला आई ओल्या केसांनी, माशांचे रंग सांगताना दिसते. इतकी वर्षं फोनवर एकच विचारणा असायची, जेवलास का. आता मुलगा विचारतो आणि आईला सांगण्यासारखं काहीतरी असतं.

तिथलं पाणी, तिथली माणसं

नगर जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत. वर्षाची सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आत. अकोल्याच्या घाटघरला धो धो पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या जामखेड-पाथर्डीत उन्हाळ्यात टँकर फिरतात. १९७२चा दुष्काळ या पिढीने लहानपणी पाहिला. पाटाचं आवर्तन कधी सुटणार, आपली पाळी रात्री की दिवसा, मुळा-भंडारदऱ्याचं किती पाणी जायकवाडीला जाणार, यावर इथे संसार चालतात. हिवरेबाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून गाव उभं केलं. अशा जिल्ह्यातला माणूस अंदमानात उतरतो, जिथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो.

तरीही श्री विजयपुरमला उन्हाळ्यात नळाचं पाणी रोज येत नाही. शहर मुख्यतः धनीखाडीच्या धरणावर अवलंबून आहे आणि पाऊस डोंगरांवरून थेट समुद्रात वाहून जातो. नगरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हॉटेलात बादलीभर पाण्यात आंघोळ उरकणारा पाहुणा बेटाला खरोखर उपयोगी पडतो.

आणखी एका बाबतीत सावध राहायला हवं. बाराटांगच्या चुनखडी गुहा बघायला जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. पहाटे तीनला निघून जिरकाटांगच्या चौकीवर गाड्यांच्या ताफ्यात लागावं लागतं. वाटेत थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचं नाही. २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचवल्याचं चित्रीकरण बाहेर आलं आणि देशभर संताप उसळला. हजारो वर्षं त्या जंगलात राहिलेली ही थोडी माणसं आहेत, बाहेरून आलेला साधा गोवरही त्यांच्या जिवावर उठू शकतो. गुहा बघण्याची हौस असेल तर समुद्रमार्गे जाण्याची सोय विचारावी, नाहीतर तो दिवस शहीद द्वीपावर काढावा. तिथल्या लक्ष्मणपूर किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी नैसर्गिक दगडी कमानीपर्यंत चालत जाता येतं.

पोवळ्याचा तुकडा पिशवीत टाकून आणायचा मोह आवरावा. वन्यजीव कायद्यात पोवळ्याला वाघाइतकंच संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं. समुद्र तापला की पोवळी पांढरी पडतात. १९९८ आणि २०१० मध्ये अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं. पोवळ्यावर पाय ठेवून उभं राहणाऱ्या पर्यटकाने त्यात आणखी भर घालू नये.

दुसरी बेटं

अंदमानशिवाय लक्षद्वीप आहे. ३६ बेटं, त्यांतली १० वस्तीची, सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे फोटो आल्यावर चौकशी वाढली. पण तिथे जायला प्रवेश परवाना लागतो, राहायच्या जागा मोजक्या आणि रस्ता कोचीवरून. गर्दी नको असलेल्यांना हेच गुण वाटतील.

पासपोर्ट असेल तर मॉरिशसचा विचार मराठी जोडप्याने जरूर करावा. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ जहाजातून पहिले करारबद्ध मजूर तिथे उतरले. पुढच्या जहाजांतून कोकणातली माणसं गेली. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही मराठी म्हणून ओळखली जातात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि समुद्रात विसर्जन होतं. १९९१ मध्ये जागतिक मराठी परिषद तिथे भरली होती. किनाऱ्यावरून परतताना एखाद्या मराठी वस्तीतल्या मंडळाला भेट दिली तर तिथलं झाकडी नृत्य बघायला मिळू शकतं.

आणि ज्यांना इतकं दूर जाण्याआधी स्वतःची परीक्षा घ्यायची आहे, त्यांनी मालवण गाठावं. सिंधुदुर्ग किल्ला बेटावरच आहे. किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात स्नॉर्केलिंग होतं, तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा केंद्र आहे. तोंड पाण्यात घालायचं धाडस तिथे जमलं, तर अंदमानचं तिकीट बिनधास्त काढावं.

धारा कोण काढणार

नोकरदाराला रजा मिळते. दूधधंद्यात राज्यात पुढे असलेल्या या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ती कोण देणार? गायीची धार सकाळ-संध्याकाळ काढावीच लागते. मुलगा पुण्यात, मुलगी नाशकात, गोठ्यात आठ-दहा गायी. अशा घरातलं जोडपं लग्नालाही एकत्र जात नाही, एक जण वैरणीला मागे राहतो. आपल्याकडे स्वप्नातली सहल पैशापेक्षा गोठ्याने जास्त अडवली आहे.

त्यातच हंगाम आडवा येतो. अंदमानात फिरायला डिसेंबर ते एप्रिल हे दिवस चांगले, मे अखेरीस पावसाला सुरुवात होते आणि समुद्र खवळतो. नेमका त्या फिरण्याच्या दिवसांतच इकडे गळीत हंगाम असतो. तोडणीची टोळी कधी येईल सांगता येत नाही. मार्चमध्ये उन्हाळी कांदा काढणीला येतो. म्हणून ऊस तुटून गेल्यावर आणि कांदा काढायच्या आधी जी फट सापडते, बहुधा फेब्रुवारीत, तीच धरावी. तेव्हा समुद्र शांत असतो, पाणी नितळ असतं आणि नाताळाच्या गर्दीतले तिकिटांचे दर उतरलेले असतात. विमानाचं तिकीट हा खर्चातला सर्वांत मोठा भाग, त्यामुळे ते पोळ्यालाच काढून ठेवलं तर बरं पडतं.

गोठ्यावरचा उपायही गावाकडेच आहे. पेरणी-काढणीला एकमेकांच्या शेतात राबण्याची सावड या भागाला नवी नाही. तीच सावड सहलीसाठी करता येईल. दोन घरांनी बोली करायची. मुरघास भरून ठेवायचा, गायींची नावं, सवयी, कोणती लाथ मारते ते लिहून द्यायचं, जनावरांच्या डॉक्टरचा फोन गोठ्यावर चिकटवायचा. शेजारी आठ दिवस धारा काढील, दूध आपल्याच नावावर डेअरीला घालील. पुढच्या फेब्रुवारीत त्यांचं तिकीट निघेल तेव्हा आपण त्यांच्या गोठ्यात उभं राहायचं.